वस्तऱ्याची पाठ आणि धार

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, तरीही तो पोलादाला जेरीस आणतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जानलुका रोशोली, मोहादेसे ताहेरी-मौसवी आणि जेम तासान या तिघांनी हे कोडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. पात्याची धार हळूहळू झिजून बोथट होत असणार, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात धारेला बारीक टवके गेलेले दिसले. केस पात्यासमोर ताठ उभा राहिला तर निमूट कापला जातो. तो वाकला आणि त्याच क्षणी पोलादाच्या अंतर्रचनेतील एखाद्या कमकुवत जागेशी त्याची गाठ पडली, तर तेवढ्या जागी पोलादाचा कण निखळतो. टवका केसाच्या जाडीच्या सुमारे दशांशाएवढा. डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला कळतो.

हा अभ्यास वापरून फेकायच्या रेझरच्या पात्यांवर झाला होता. टवके पडले की पाते कचऱ्यात टाकायचे, हा त्या वस्तूचा धर्मच. वस्तऱ्याचा हिशेब निराळा. धार बिघडणार हे गृहीत धरूनच तो घडवलेला असतो आणि ती पुन्हा लावण्याची सोय त्याच्या अंगातच असते. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डला घडलेल्या पात्यांनी आजही हौशी लोक दाढी करतात. गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही अशा हौशी मंडळींची संख्या वाढते आहे. पहिला वस्तरा घेताना त्यांची जी तारांबळ उडते ती बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टी निरखल्यामुळे. मुठीवरचे शिंग, पात्यावरची सोनेरी नक्षी, पोलादाचे भारदस्त नाव यांवर नजर खिळते आणि ज्यावर दाढी अवलंबून आहे ती पाठ तपासायची राहून जाते.

आधी अवयव ओळखून घेऊ. पाते साधारण तीन इंच लांब. त्याची एक कड म्हणजे धार आणि समोरची जाड कड म्हणजे पाठ. पुढचे टोक, मागची टाच, टाचेमागे बोटांनी धरायची दांडी आणि दांडीच्या शेवटी वर वळलेली शेपटी, जिच्यावर करंगळी टेकते. पाते मिटून ज्यात बसते ती मूठ दोन पट्ट्यांची, आणि सगळा डोलारा दोन-तीन बारीक रिव्हेटांवर. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, खटका नाही.

चमत्कार पाठीत आहे. सुरी दगडावर पाजवताना ती किती कलती धरायची हे हाताला ठरवावे लागते आणि तोच कल शेवटपर्यंत राखावा लागतो. वस्तरा दगडावर सरळ आडवा निजवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर आणि पात्याची रुंदी १६ मिलिमीटर असेल तर हा कोन सुमारे १६ अंश होतो. शाळेतील त्रिकोणमितीने कोणालाही पडताळून पाहता येईल. स्वयंपाकघरातील सुरीचा कोन याच्या जवळपास दुप्पट असतो. पुढची खुबी अशी की दगडावर जशी धार झिजते तशी पाठही झिजते. रुंदी घटते, तिच्याबरोबर जाडीही घटते आणि कोन पिढ्यान् पिढ्या जवळपास तोच राहतो. कोन मोजायचे साधन हत्याराच्या अंगातच ओतलेले आहे, आणि ते हत्याराबरोबरच झिजत जाते! याच व्यवस्थेतून धारेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आणता येते. दाढीचा केस याच्या शेकडो पट जाड असतो.

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते. पाठ सरळ हवी, तिची जाडी टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी हवी आणि पाठ व धार एकाच पातळीत बसायला हव्यात. जाड सपाट काचेवर पाते हलकेच आडवे ठेवून उजेडाकडे पाहावे. पाते डुगडुगले किंवा काच आणि धार यांच्यामधून उजेडाची चीर दिसली, तर पाते पिळलेले आहे. उलटवून दुसरी बाजूही पाहावी. थोडासा पीळ अनुभवी माणूस दगडावर सांभाळून घेतो, पण नवशिक्याने ते कोडे गळ्यात बांधून घेऊ नये. ज्याच्याकडे दगड आहे तो मार्करची युक्ती करतो: धारेलगत शाई फासायची, वस्तरा दगडावर अगदी अलगद एकदा फिरवायचा आणि शाई कुठे उरली ते पाहायचे. उरलेल्या शाईच्या जागी दगड पोहोचत नाही.

जुना वस्तरा असेल तर पाठ त्याचा सगळा पूर्वेतिहास सांगते. पाठीच्या दोन्ही अंगांना दगडाने घासलेली चकचकीत पट्टी दिसते. ती अरुंद आणि सारख्या रुंदीची असेल तर मागच्या मालकाचा हात चांगला होता. एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे नाहीशी होत असेल तर त्याने वर्षानुवर्षे एकाच जागी जोर दिला आहे, आणि ती खोड आता पात्याच्या आकारात उतरली आहे. धारेची रेघ किंचित बाहेर फुगलेली चालते. आत खचलेल्या धारेचा वस्तरा मात्र परत करावा, कारण सपाट दगड त्या धारेच्या मध्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. गंजाचे डाग पात्याच्या पोटावर असतील तर शोभा गेली इतकेच. धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर धार लावता लावता एखादा खड्डा नेमका धारेवर उघडतो आणि टवका पडतो.

रुंदी बहुतेक ठिकाणी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ४/८ म्हणजे अर्धा इंच: चपळ, पण फेस लगेच भरून येतो. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. पूर्ण इंची पाते हातात रुबाबदार दिसते, पण नाकाखाली ते फिरवताना जागा पुरत नाही. पहिल्या वस्तऱ्याला ५/८ किंवा ६/८, यात फार काथ्याकूट करण्यासारखे काही नाही.

टोकाबद्दलही निर्णय सोपा आहे. चौकोनी टोकाचा कोपरा सुईसारखा असतो आणि मिशीची कड रेखायला तो फार उपयोगी पडतो. पण नवख्या हातात तोच कोपरा आधी कानाची पाळी शोधतो. गोल टोक घ्यावे.

घासणीकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. सर्वांत जुनी पाती पाचरीसारखी असत, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरणारी. नंतर पात्याच्या दोन्ही अंगांना गोल फिरणाऱ्या सहाणेवर खोलगट घासण्याची कला वाढली. थोडी खोली दिली तर पाव किंवा अर्धी ‘हॉलो’, आणि पोट कागदासारखे पातळ होईपर्यंत घासले तर ‘फुल हॉलो’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारागिरांनी हे काम टोकाला नेले. फुल हॉलो पाते केस कापताना थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज येतो: गालावर नीट कोनात असेल तर एकसारखी बारीक खरखर, कोन चुकला की आवाज बदलतो. आरशात दिसत नाही ते कानाला कळते, म्हणून शिकणाऱ्याला हे पाते एका परीने गुरूसारखे आहे. पाचरी पाते मुके आणि जड. राठ दाढीतून ते संथपणे जाते, पण त्यावर धार लावताना दगडाला पुष्कळ जास्त धातू खरवडावा लागतो. अर्धे किंवा पूर्ण हॉलो, दोन्ही पहिल्या खेपेला योग्य. पाचरी पात्याचे प्रेम पुढे जडले तर जडो.

हे घासणीचे काम करणाऱ्यांची किंमत शेफिल्डच्या इतिहासात नोंदलेली आहे. तिथल्या सहाणेवर बसणाऱ्या कामगारांच्या छातीत दगड आणि धातूची धूळ जाई. त्या दुखण्याला नावच ‘ग्राइंडर्स ॲस्थमा’ पडले होते, आणि कोरड्या दगडावर काम करणारे कित्येक जण ऐन उमेदीतच जात. जुने फुल हॉलो पाते उजेडात धरून त्याच्या पातळपणाचे कौतुक करताना एवढे तरी आठवावे.

आता पोलाद. इथे जाहिरातींचा गोंगाट सर्वांत मोठा आहे आणि नवशिक्याच्या दृष्टीने फरक सर्वांत लहान. वस्तऱ्याचे पारंपरिक पोलाद म्हणजे सुमारे एक टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असलेले, पाणी देऊन कडक केलेले पोलाद. ते इतके कडक हवे की पातळ धार टिकावी, आणि इतके ठिसूळ नको की धार झडावी. ही गोष्ट साधण्याच्या खटपटीत आपल्या मुंबईचाही एक धागा गुंतला आहे.

१७९०च्या दशकात मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे इथल्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने धाडले. जॉर्ज पिअरसन यांनी त्यांची परीक्षा करून १७९५ मध्ये निबंध छापला आणि त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे लिहून टाकले. खरे तर ते दक्षिण भारतातल्या मुशींमधून येई. मुंबई हे फक्त ते जिथून रवाना झाले ते ठिकाण. लंडनचे चाकू-कात्र्या घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी या पोलादाचा चाकू घडवून पाहिला आणि ते त्याच्या प्रेमात पडले. पुढे याच स्टोडार्टनी एका तरुण सहकाऱ्याला हाताशी धरून १८२०च्या सुमारास पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी त्यांचे नाव अजरामर होण्याआधीची ही गोष्ट. त्या मिश्र पोलादाचे वस्तरे त्यांनी मित्रांना भेटही दिले. पोलादात चांदी सुमारे पाचशेव्या भागापुरतीच मुरते असे त्यांना दिसले. कारखानदारांना तेवढे पुरले. शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असे शिक्के झळकू लागले. आजही जुन्या बाजारात हा शिक्का दिसला की किंमत चढते. त्या पात्यात चांदी असेलच असे मात्र नाही. पात्यावरील अक्षरांवर किती भरवसा ठेवावा याचा हा दोनशे वर्षे जुना धडा आहे.

शेफिल्डची कीर्ती मुळात ज्याच्यामुळे वाढली तो माणूस घड्याळजी होता. डॉनकास्टरच्या बेंजामिन हंट्समनला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी निर्दोष पोलाद हवे होते. १७४०च्या दशकात त्याने बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची पद्धत बसवली. सांगतात की शेफिल्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद फार कडक म्हणून आधी नाकारले. फ्रेंचांनी ते विकत घेऊन त्याची सुंदर पाती बनवून बाजारात आणली तेव्हा शेफिल्ड जागे झाले.

जर्मनीतील झोलिंगेन हे वुपर नदीकाठचे गाव शेफिल्डचे प्रतिस्पर्धी. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या सहाणांच्या कोठ्या तिथे अजून पाहायला मिळतात आणि ग्रेफराट भागात पात्यांचे संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनचा काही माल शेफिल्डच्या नावाने खपू लागला, शेफिल्डवाल्यांनी ओरड केली, आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने व्यापारी चिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव छापणे भाग पाडले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे जन्माला आली ती अशी, बदनामीचा शिक्का म्हणून. थोड्याच वर्षांत गिऱ्हाईक तो शिक्का मुद्दाम मागू लागले. मग झोलिंगेनला स्वतःच्या नावाची चोरी सतावू लागली, आणि १९३८ मध्ये तिथेही कायदा झाला. १९९४ च्या नियमावलीने तो पुढे चालवला: त्या परिसरात घडलेल्या आणि मुख्य प्रक्रिया तिथेच झालेल्या पात्यावरच ‘झोलिंगेन’ लिहिता येते. २०१२ पासून तर गावाचे अधिकृत बिरुदच ‘पात्यांचे शहर’ असे आहे.

खरेदीदाराला याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव टाकावे लागले. त्यामुळे जुन्या पात्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे नाव असेल तर ते बहुधा त्यानंतरचे. मुकुटाबरोबर ‘डब्ल्यू आर’ अक्षरे असतील तर चौथ्या विल्यमची, म्हणजे १८३० ते १८३७ ची कारकीर्द. नवीन वस्तरा घ्यायचा तर आज कारखाने मोजकेच उरलेत: झोलिंगेनमध्ये १८६९ पासूनचे बोकर आणि १९०६ पासूनचे डोवो, फ्रान्सच्या तिएर गावात १८८४ पासूनचे तिएर-इसार, शिवाय काही छोटे कारागीर. स्वीडनच्या एस्किल्स्तुनाची जुनी पाती जाणकार शोधत फिरतात. जपानी कामिसोरीची रीत वेगळी. ती मिटत नाही, तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या घासलेल्या असतात, आणि ती मुळात दुसऱ्याची दाढी करणाऱ्याच्या हातासाठी आहे. पहिली म्हणून ती घेऊ नये.

जुने घ्यावे की नवे? पैशांचा प्रश्न असेल तर जुन्याकडे ओढा होतो, आणि चांगल्या विक्रेत्याने धार लावून दिलेला जुना झोलिंगेन वस्तरा हा माझ्या मते पहिल्या खरेदीचा सर्वोत्तम पर्याय आहे. दोन गोष्टी तेवढ्या टाळाव्यात. सेल्युलॉइडची मूठ म्हातारी झाली की तिच्यातून निघणाऱ्या वायूंनी आत मिटलेले पाते गंजते. मुठीच्या रेषेत पडलेला चमत्कारिक गंज दिसला तर तो हाच. आणि हस्तिदंती मुठीचा वस्तरा परदेशातून मागवू नये. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. इंटरनेटवर अगदी स्वस्तात मिळणारे, लाटांची नक्षी असलेले ‘दमास्कस’ वस्तरे भिंतीवर शोभतात. लाटांनी केस कापला जात नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांसाठी स्टेनलेस पोलादाची शिफारस मी निःसंकोच करेन. कार्बन पोलादाला धार थोडी सोपी लागते हे खरे, पण आषाढातल्या दमट हवेत ओले राहिलेले पाते एका रात्रीत डागाळते. कार्बनचे घेतलेच तर दाढीनंतर पाते कोरडे पुसावे, पाठीकडून धारेकडे, कधीही धारेच्या दिशेविरुद्ध नाही. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवावा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये, आणि चामड्याच्या पिशवीतही नाही, कारण चामडे ओल धरून ठेवते.

एवढे सगळे पाहून घेतलेला वस्तराही दाढी करेलच असे नाही. कारखान्यातून आलेल्या अनेक नव्या वस्तऱ्यांना शेवटची धार लावलेली नसते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: हा दाढीला तयार आहे का, आणि धार कोणी, कोणत्या दगडावर लावली? उत्तर मोघम आले तर दुसरे दुकान पाहावे. हातावरचे केस साफ झाले म्हणजे धार झाली असे नाही, ती परीक्षा बरीच ढिली आहे. ज्या नवशिक्यांनी ‘वस्तरा आपल्याला जमत नाही’ म्हणून तो कपाटात टाकला, त्यांच्यापैकी पुष्कळांचा हात ठीक असतो आणि वस्तरा बोथट.

धार लावण्याचे दगड, आपले निसणे, पहिल्याच दिवशी विकत घेऊ नयेत. हजार ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर कोन बसवायचा, मग चार-पाच हजार, आठ हजार, बारा हजार असे बारीक होत जायचे. ही साधना स्वतंत्र आहे आणि हाताला यायला वेळ घेते. पुढे मन झाले तर तिथेही एक नवल वाट पाहते आहे. बेल्जियमच्या आर्देन डोंगरांत, व्हिएलसामच्या आसपास, पिवळसर रंगाचा ‘कोटिक्यूल’ नावाचा दगड निघतो. त्याच्या पोटात गार्नेटचे असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. हे स्फटिक अनेक पैलूंचे आणि जवळपास गोलसर असल्यामुळे पोलादावर खोल चरे न पाडता उथळ कापत जातात. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळाच्या थरात घडलेला खडक आज माणसाच्या गालासाठी धार लावतो.

धार घोटायचा पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि वस्तऱ्याच्या पैशांतून त्याचा वाटा आधी बाजूला काढावा. एका अंगाला कापड, दुसऱ्या अंगाला चामडे. दाढीपूर्वी कापडावर वीसेक आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे चालते. टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवर कलवून उलटायचा, धारेवर कधीच नाही. पाठ पट्ट्यावरून क्षणभरही उचलायची नाही, कारण इथेही कोनाची राखण तीच करते. नवशिक्या पहिल्या आठवड्यात पट्टा कापतोच, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्यावा आणि वाईट वाटून घेऊ नये. पट्ट्याची रोजची सवय असेल तर दगडाची गरज काही महिन्यांतून एकदा पडते. जुन्या काळी युरोपातले श्रीमंत लोक पेटीत सात वस्तरे ठेवत, पाठीवर वारांची नावे कोरलेले, आणि प्रत्येकाला आठवड्यातून सहा दिवस विश्रांती. पोलादाला विश्रांती लागते ही त्यांची समजूत होती. सात पाती आळीपाळीने वापरली की धार जास्त काळ टिकते, एवढे मात्र साध्या भागाकारानेही पटते.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक शंका येईल. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो, त्यात तर ब्लेड मोडून अर्धे बसवतात. तो का नको? उत्तराआधी थोडा इतिहास. मूळचा अखंड पोलादी वस्तरा न्हाव्याच्या धोकटीतच होता. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगांत हीच धोकटी रूपक म्हणून उघडली. वस्तरा इथे बलुतेदाराच्या हातचे हत्यार होते, घरोघरी स्वतः चालवायची वस्तू नव्हे. त्याचे सामाजिक वजनही मोठे होते: १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हावी मंडळींनी विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायचा नाही असा निश्चय केला, तेव्हा त्या नकाराची दखल दूरवर घेतली गेली. एचआयव्हीविषयी जागृती झाली आणि सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड ही रीत रुजली. आरोग्याच्या दृष्टीने ती योग्यच आहे.

स्वतःची दाढी स्वतः वस्तऱ्याने करावी, ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. पॅरिसचा चाकू-कात्र्या घडवणारा जाँ-जाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी करायला शिकवणारे पुस्तकच लिहिले, आणि सुताराच्या रंध्यावरून सुचलेले संरक्षक आवरण वस्तऱ्याला बसवून दाखवले. हीच वाट पुढे सेफ्टी रेझरपर्यंत गेली. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली; पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे रेझर लाखांनी गेले. सैनिक घरी परतले ते वस्तऱ्याची सवय मोडूनच.

सलूनच्या वस्तऱ्याने सुरुवात केली तर खर्च कमी, दगड-पट्टा काही नको, आणि हात कुठे कसा धरायचा हे कळते. पण त्यातले अर्धे ब्लेड फार पातळ आणि तीक्ष्ण, त्याचे कोपरे बोचरे, आणि हाताला अंदाज येईल असे वजन किंवा आवाज त्याला नाही. चुकीला ते क्षमा करत नाही. त्याने गाल सोलवटला म्हणून खऱ्या वस्तऱ्याविषयी मत बनवू नये. दोघांची जात वेगळी आहे.

पहिल्या दाढीविषयी थोडक्यात. गरम पाण्याने आणि भरपूर फेसाने केस दोन-तीन मिनिटे भिजू द्यावेत. भिजलेला केस बराच मऊ होतो. पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांत, म्हणजे पाठ गालापासून तिच्या दीड-दोन जाडींएवढी उचललेली. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. पहिले काही दिवस फक्त दोन्ही गाल, तेही केसांच्या दिशेने. हनुवटी, मानेचा वळसा आणि ओठांवरची जागा नेहमीच्या रेझरने उरकावी. पाते कधीही आडवे सरकवू नये, कापणारा वार नेमका तोच असतो. खरचटलेच तर ओल्या तुरटीचा खडा फिरवावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा चेहऱ्यावर मुरुमे पिकलेली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या नादाला लागू नये.

वस्तरा एकाच माणसाचा असावा. भावाला, मुलाला, मित्राला ‘एकदा करून बघ’ म्हणून देऊ नये, कारण न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातून कावीळ ब आणि क यांचे विषाणू जाऊ शकतात. जुना विकत घेतलेला वस्तरा वापरण्याआधी जंतुनाशकाने साफ करून पूर्ण कोरडा करावा. पाते उघडे टाकून फोन घ्यायला जाऊ नये, घरात लहान मुले असतील तर कुलपात ठेवावा. आणि प्रवासाला निघालात तर लक्षात असू द्या: विमानात तो हातातल्या पिशवीत नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतच ठेवावा लागतो.